सोवळ्यातली बुरशी

लोणच्याच्या बरणीला दादरा कितीही घट्ट बांधा, आपण चार दिवस माहेरी राहून येतो तोवर वर पांढरी साय धरलेली असतेच. किश्श्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कोणी घालत नाही. घरात बोलकी माणसं आणि थोडी ऊब असली की ते आपसूक धरतात. आमच्या घरात तर खुद्द बुरशीच पाळलेली होती, मग किश्श्यांना काय तोटा!

हळदीकुंकवाला बायका जमल्या की कोणीतरी म्हणतंच, "ते दुर्बिणीचं सांगा ना." सांगते. पण आधी माणसं ओळखून घ्या.

सात रस्त्याकडून आत वळलं की आमचं घर. पुढच्या ओसरीवर दवाखाना, मागे संसार. डॉक्टर म्हणजे आमचे हे. यांचं नाव मी फक्त मंगळागौरीला उखाण्यात घेते, तेव्हा इथे 'हे'वरच भागवून घ्या. मग सासूबाई, त्यांच्या सोवळ्याला सारी गल्ली वचकून असे. मग कंपाउंडर बाबूमियाँ. आमच्या घरचे उपास त्यांना माझ्याआधी ठाऊक असत, कारण त्या दिवशी दवाखान्यात साबुदाण्याची खिचडी जाई. आणि मी. सोमवार, संकष्टी, एकादशी, प्रदोष असे माझे नेम, "तू जेवतेस तरी केव्हा?" असं हे दर पंधरवड्याला विचारायचे.

आता बुरशीचं. सोलापुरात नायटे-गजकर्णांची वाण कधीच नव्हती, पण नुसतं मलम लावून यांचं समाधान होईना. रक्तात पांढरे कण असतात म्हणे. बाहेरचं काही अंगात शिरलं की ते शिपायांसारखे धावून जातात. ते धावून आले की बुरशी काय करते, हे यांना डोळ्यांनी बघायचं होतं. त्यासाठी मुंबईहून सूक्ष्मदर्शक यंत्र आलं. आमच्या घरी त्याची पहिल्याच दिवशी 'दुर्बीण' झाली. तिला कोवळं ऊन लागे, आणि कोवळं ऊन घरात एकाच खिडकीतून येई, देवघराच्या. झालं, बाळकृष्णाच्या शेजारी दुर्बीण बसली.

*

बुरशी वाढवायची तर तिला खायला घालावं लागतं. हे बटाट्याच्या चकत्या उकडून काचेच्या ताटल्यांत ठेवत, वर झाकण घालत. त्यांनी सगळ्यांना बसवून ताकीद दिली: झाकण उघडायचं नाही, हात धुतल्याखेरीज शिवायचं नाही, जवळ उभं राहून बोलायचं नाही, बाहेरचा वारा लागू द्यायचा नाही.

आम्हा बाकीच्यांना हे अवघड वाटलं. सासूबाई मात्र ऐकता ऐकता खुलत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "मग सरळ सोवळं म्हण की! एवढं लांबण कशाला?"

त्या दिवसापासून ताटल्यांची राखण त्यांच्याकडे गेली. बाबूमियाँ उंबऱ्याबाहेरूनच विचारत, "अम्माजी, आज बुरशी की तबियत कैसी है?" आणि त्या आतून सांगत, "बरी आहे. पिवळट झालीये जराशी."

एकदा हे हजामत करून तसेच घाईने देवघराकडे निघाले, ताटली बघायला. सासूबाई दारात आडव्या.

"आई, माझीच बुरशी आहे ती."

"असेल. पण ती सोवळ्यात आहे आणि तू नाहीस. आधी अंघोळ."

*

बुरशीची गाठ रक्ताशी घालायची तर रक्त हवं. यांच्या दहाही बोटांना टोचून झालं होतं. बाबूमियाँ आयुष्यभर लोकांना सुया टोचत आलेले, पण स्वतःचं बोट पुढे करायची वेळ आली की त्यांना नमाजाची आठवण होई. मग मीच बोट पुढे केलं. मार्गशीर्षातली एकादशी होती, चांगलंच गारठलं होतं.

हे बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून बसले आणि वैतागून म्हणाले, "तुझे शिपाई सुस्त आहेत. शेजारी बुरशीचं बी पडलंय, आणि एकही हलत नाही."

मी विचारलं, "बी कशावर वाढवलेलं आहे?"

"बटाटे संपले होते. भाकरीवर वाढवलंय."

"मग कसे खातील? एकादशीला धान्य चालतं का?"

हे पोट धरून हसले. मी काही हसले नाही. म्हटलं, पुढच्या एकादशीला बटाट्यावरची देऊन तर बघा. चिडवायला म्हणून का होईना, त्यांनी तसं केलं. आणि काय सांगू, शिपायांनी भराभरा फराळ केला!

यांनी मला नीट समजावलं की मागच्या खेपेला काच गार होती, या खेपेला ती उन्हात ठेवली होती. शिपायांना ऊब लागते, बटाट्याचा काही संबंध नाही. मला पटलंसुद्धा.

पण बाबूमियाँ काच पुसता पुसता म्हणाले, "हौ साब, ऊब तो लगती. पर बटाटा उपास कू चलता, ये बी सच है."

*

त्याच काचेवर संध्याकाळी निराळंच घडलं. यांनी कंदिलाच्या उजेडात पुन्हा पाहिलं आणि सगळ्यांना हाका मारल्या. सकाळी शिपायानं बी गिळलं होतं, पण ते पचलंच नव्हतं. आतल्या आत त्याला कोंब फुटला होता, आणि कोंबाचा धागा होऊन तो शिपायाचं पोट फोडून बाहेर आला होता. हे भारावून सांगत होते: नुसतं गिळून काम होत नाही, बुरशीही गप्प बसत नाही, ती आतून उत्तर देते.

सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "तू लहानपणी बोराची बी गिळलीस, तेव्हा मी काय म्हणाले होते रे?"

यांनी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.

"सांग की."

"पोटात झाड येईल म्हणालीस."

"आणि शिकून आल्यावर तू मला काय म्हणालास?"

हे पुटपुटले, "अडाणी समजूत."

सासूबाईंनी वात नीट केली, बाबूमियाँकडे वळल्या आणि म्हणाल्या, "कंपाउंडर, तुम्ही ऐकलंत ना? पुढे साक्ष लागेल."

*

फाल्गुनात तायव्वा आली.

ती सांगोल्याकडची मेंढपाळ. काठी टेकत, डावा पाय ओढत आली आणि भर दुपारी दवाखान्याच्या पायरीवर बसली. हे व्हिजिटला गेलेले, बाबूमियाँ मशिदीत. सासूबाई बाहेर आल्या, तशी तिनं एक चिंधीची पुरचुंडी पुढे केली. "आईसाब, ह्ये डाक्टरसाटी आणलंय. लई दिस झालं, जातच न्हाय बगा." एवढं बोलून बिचारी खांबाला टेकली ती पेंगायलाच लागली.

सासूबाईंनी पुरचुंडी सोडली. आत काळे काळे, बारीक, गोल दाणे. यांना मागच्या आठवड्यात ताप येऊन गेला होता. सासूबाईंचे डोळेच भरून आले. म्हणाल्या, "कुठल्या गावची बाई, पण माझ्या लेकाची दृष्ट काढायला मंतरलेली मोहरी घेऊन आली!"

हे घरात पाऊल टाकतात तोच त्यांना दारात उभं केलं. मीठ, मिरच्या आणि ती मोहरी मुठीत घेऊन तीनदा ओवाळली आणि चुलीत टाकली. मिरच्यांचा ठसका उठला, पण मोहरी काही तडतडेना. सासूबाई घाबऱ्या झाल्या. "तडतडतच नाही! केवढी दृष्ट लागली होती माझ्या बाळाला!"

इतक्यात तायव्वा जागी झाली, आणि ते दाणे तिच्या पायातून निघाले होते हे सगळ्यांना कळलं.

सासूबाईंनी विहिरीवर जाऊन लागोपाठ दोन अंघोळी केल्या. ओलेत्यानंच येऊन यांना विचारलं, "ते रोगाचं होतं ना? मेलं का चुलीत?"

"जळून खाक झालं, आई."

"मग दृष्ट निघालीच की."

*

तायव्वाच्या पायात दाण्यांना तोटा नव्हता. यांनी नवा दाणा घेतला, त्याचा पातळ काप काढला आणि दुर्बिणीखाली धरला. मलाही दाखवला. मधे काळा गोळा आणि भोवती शिपायांची नुसती यात्रा लोटलेली. पण आत एकालाही वाट नव्हती.

मग हे पायरीवर तिच्याशेजारी बसले आणि तिला समजेल असं सांगू लागले. बाभळीचा काटा रुतला, त्याच्याबरोबर मातीतली बुरशी पायात शिरली. अंगातले शिपाई धावून आले. ते बघून बुरशीनं काय केलं? आपली लेकरं मधे घेतली आणि भोवती काळी, टणक भिंत घातली, आपल्या भुईकोट किल्ल्यासारखी. शिपाई वाढले की ती भिंत वाढवते. वेढा पडलेला आहे, पण किल्ला पडत नाही.

तायव्वा मन लावून ऐकत होती. म्हणाली, "मग काय करंल बिचारी?"

"बिचारी?"

"माजी मेंढरं बी लांडगा आला की कोकरं मदीच घेत्यात की."

"अगं, पण ती तुझा पाय खातेय!"

"मेंढरं तरी कुटं सवताचं रान खात्यात, डाक्टर?"

यांना हसावं की रागवावं ते कळेना. पण मग तिनं पदर तोंडाला लावला आणि हळूच मनातलं विचारलं. मोठ्या दवाखान्यात तिला घोट्यापासून पाय काढावा लागेल असं सांगितलं होतं. त्या दुखण्याला तोच उपाय होता तेव्हा. कोणाचा त्यात दोष नाही. ती म्हणाली, "मालक गेला तवापास्नं मेंढरामागं मीच चालतीया. पाय गेल्यावर कोन चालंल?"

यांनी पाय पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. किल्ला अजून करंगळीत आणि तिच्या मुळाशीच होता, आतली हाडं चांगली वाटत होती. भिंत पाडता येत नाही. पण किल्ला लहान आहे तोवर जमिनीसकट उचलता येतो, असं ते म्हणाले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलून, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच मदतीनं यांनी करंगळी आणि तिच्या बाजूचा मांसाचा तुकडा काढला. पुढे आयोडाइडचं औषध सुरू झालं.

तायव्वाला त्यांनी स्पष्ट सांगितलं: भाद्रपदापर्यंत काळा दाणा दिसला नाही, तर पाय तुझा. एक जरी दिसला, तरी घोटा.

*

आता यात माझ्या हातात काय होतं? नवस. मी सिद्धेश्वराला बोलले की तायव्वाचा पाय वाचेपर्यंत दर सोमवारी तुझ्या दर्शनाला अनवाणी येईन.

पहिल्या सोमवारी मी निघाले आणि यांनी ओसरीवरून पाहिलं. यांच्या डोक्यावरच पाटी होती, मोठ्या अक्षरांत: 'अनवाणी चालू नये.' दिवसभर हे जिल्ह्यातल्या माणसांना तेच सांगत, कारण तायव्वाचं दुखणंच मुळी अनवाणी चालण्यातून आलेलं. समोर दहा-बारा रोगी बसलेले, आणि डॉक्टरांची बायको बिनचपलेची देवाला चाललेली!

"अगं, तिचा पाय वाचवायला तू स्वतःचा घालवणार आहेस का?"

सासूबाईंचा निराळाच आक्षेप होता. "आम्ही जन्मभर अनवाणीच चाललो. तो नवस कसा होतो?" खरं होतं ते. चपला यांनीच मला नुकत्या घालायला लावल्या होत्या, आणि त्या पायी गल्लीत माझं नाव मडमीण पडलं होतं.

नवस मोडायचा नाही आणि पाटीही खोटी पाडायची नाही. शेवटी तोड काढली सासूबाईंनीच. "तू 'अनवाणी येईन' म्हणालीस ना? 'चालत येईन' कुठे म्हणालीस?" पुढचे सगळे सोमवार मी अनवाणी टांग्यातून गेले. टांगेवाला देवळाच्या अगदी फरसबंदीला टांगा लावायचा. सिद्धेश्वर भोळा आहे, चालवून घेतो.

तायव्वा मलमपट्टीला आली तेव्हा तिच्या कानावर हे गेलंच. पुढच्या खेपेला तिनं माझ्यासाठी जाडजूड धनगरी पायताण आणलं. एकेक माझ्या दोन्ही हातांनी उचलावं असं.

"हे घाला बाई. तुमचा बी पाय गेला तर माज्यासाटी नवस कोन करनार?"

*

श्रावणातली गोष्ट. तायव्वा आली, हसत आली. काठी होती, पण टेकण्यापुरतीच. बाबूमियाँ पट्टी सोडायला बसले आणि सोडता सोडता थांबले. शेवटच्या वेढ्यात काळा, बारीक, गोल दाणा होता.

तायव्वानं मान खाली घातली. तिनं पायावर हात ठेवला, म्हातारी शेरडी कुरवाळावी तसा. यांनी चिमट्यानं दाणा उचलला आणि देवघराकडे गेले. मी मागोमाग जाऊन देवापुढे उभी राहिले. हात आपोआप जोडले गेले.

यांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग चक्क नखानं फोडला आणि हुंगला.

बाहेर येऊन म्हणाले, "मोहरी आहे."

मोहरी पट्टीत येईल कशी? मग एकेकाची नजर सासूबाईंकडे वळली. त्या तुळशीला पाणी घालत होत्या, तुळशीला पाणी घालून झालेलं असूनही.

"मागच्या खेपेला ती इथे पायरीवर पेंगली होती," त्या तुळशीकडेच बघत म्हणाल्या. "पायाची दृष्ट काढली मी तिच्या. एखादा दाणा सांडला असेल."

बाबूमियाँ हळूच म्हणाले, "अम्माजी, अब के तडतडी क्या?"

"तडतडली," सासूबाई म्हणाल्या. "चांगली तडतडली."

*

भाद्रपद आला. गौरी बसायच्या दिवशी सकाळी मी ओसरीपासून देवघरापर्यंत सारवलं होतं. ओलं होतं अजून. आमच्याकडे उंबऱ्यापासून आतपर्यंत गौरीची पावलं रांगोळीनं सासूबाईच काढतात. दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही. बोटं सारखी यायला हवीत, टाचा सारख्या यायला हव्यात. माझी पावलं बदकाची दिसतात म्हणे.

त्या रांगोळीचं तबक घेऊन येत होत्या, तेवढ्यात तायव्वा आली. डोक्यावर आघाड्याचा आणि तेरड्याचा हा एवढा भारा, गौरीसाठी. दोन्ही हातांनी भारा धरलेला. काठी नव्हतीच. भाराच एवढा होता की तिला पुढचं दिसलं नाही. पायताण पायरीशी सोडून ती चढली, उंबरा ओलांडला आणि ओल्या सारवणावर पाऊल पडलं. तिच्या लक्षात आलं, तशी ती "आगं आई गं," म्हणत मागे सरली आणि भारा टाकून पायरीवर अवघडून उभी राहिली.

हे घाईनं बाहेर आले. आधी तिचा पाय पाहिला. बसवून, दाबून, उन्हाकडे वळवून पाहिला. मग म्हणाले, "तायव्वा, पाय तुझा." तिनं पाय तेवढा हळूच यांच्या हातातून काढून घेतला, आता माझा म्हणालात ना, अशा थाटात.

मी सारवणाचं पोतेरं घेऊन ते पाऊल पुसायला वाकले. उंबऱ्याच्या आत, नेमकं गौरीच्या पहिल्या पावलाच्या जागी ते उमटलं होतं. डावं पाऊल, चार बोटांचं, बाहेरची कड थोडी चावल्यासारखी.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या.

मी पोतेरं घेऊन तशीच उभी. त्या खाली बसल्या. त्या उमटलेल्या पावलाच्या कडेनं त्यांनी रांगोळीची रेघ ओढली, त्यात हळदकुंकू भरलं आणि तिथून पुढे पावलं काढत काढत मधल्या खोलीतून, स्वयंपाकघराला वळसा घालून, देवघरात, दुर्बिणीशेजारून थेट देवापर्यंत गेल्या. दुपारपर्यंत घरभर पावलं झाली.

हे जेवायला आत आले आणि मधल्या खोलीतच थांबले. एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे पाहिलं.

"आई, सगळ्या डाव्या पावलांना एकेक बोट काढायचं राहिलंय."

सासूबाई शेवटच्या पावलात कुंकू भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"राहिलं कुठे? ते तू काढलंस."